‘रेहेनेरासिओन’ पुस्तिका : कामाच्या नोंदी

८ जून २०२४

पुस्तिका करायची हे आज पक्कं झालं. विषय ‘रेहेनेरासिओन’, म्हणजे मेक्सिकोतून परागंदा झालेल्या माणसांनी अमेरिकेत राहून चालवलेलं अराजकवादी पत्र. १९०० साली मेक्सिको सिटीत सुरू झालं, १९१८ साली लॉस एंजेलिसमध्ये बंद पडलं. मधल्या काळात सान आन्तोनियो, सेंट लुइस अशी बिऱ्हाडं करत फिरलं. आकार डेमी, ६४ पानं, सोळा पानांचे चार फर्मे. छपाईचा खर्च वाचनमंडळाच्या वर्गणीतून. मजकूर माझ्याकडे, स्पॅनिशमधल्या उताऱ्यांचा अनुवाद ताईंकडे, मुखपृष्ठ आणि मांडणी मंडळातल्याच एका मित्राकडे.

मूळ अंकांची चिंता नाही. मेक्सिकोतल्या इतिहास-संशोधकांनी अंक स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. ज्यांचे उतारे घेणार त्या लेखकांना जाऊन साठ वर्षांहून जास्त काळ उलटलाय, त्यामुळे उतारे घ्यायला परवानगीचाही प्रश्न नाही.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. या पत्राबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक रिकार्दो फ्लोरेस मागोनबद्दल असतं. तो मोठा लेखक होता, त्याच्यावाचून पत्र उभं राहिलं नसतं. पण तो वर्षानुवर्षं तुरुंगात असतानाही अंक निघत होते, वाटले जात होते, वाचले जात होते. ते कोण काढत होतं, पैसे कुठून येत होते, सीमेपलीकडे अंक कोण पोचवत होतं, यावर पुस्तिकेचा भर हवा. चरित्र होऊ द्यायचं नाही.

१६ जून

मेक्सिकोतला पहिला टप्पा लिहून झाला. चार पानांत आटोपला आणि तेवढाच पुरे आहे.

७ ऑगस्ट १९०० चा पहिला अंक. हेसुस आणि रिकार्दो हे भाऊ, सोबत आन्तोनियो ओर्कासितास. कायदा शिकलेली माणसं, त्यामुळे अंकावर ‘स्वतंत्र कायदेविषयक पत्र’ असं छापलेलं आणि आत न्यायालयांतल्या लाचखोरीवर लेख. वर्ष संपता संपता ती ओळ बदलून ‘लढाऊ स्वतंत्र पत्र’ झाली. तेव्हा मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियास याची सत्ता पाव शतकाची होत आली होती. १९०१ मध्ये दोघे भाऊ बेलेमच्या तुरुंगात, पत्र बंद. सुटल्यावर दुसऱ्यांच्या पत्रांतून लिहिणं, पुन्हा तुरुंग. १९०३ मध्ये न्यायालयाने फ्लोरेस मागोन बंधूंचं लिखाण कुठल्याही पत्राने छापू नये असाच हुकूम काढला. त्यानंतर देशात राहून करण्यासारखं काही उरलं नाही. जानेवारी १९०४ मध्ये ते सीमा ओलांडून टेक्सासमधल्या लारेडोला आले.

तिथे त्यांना हात देणाऱ्यांत सारा एस्तेला रामिरेस होती. शाळेत शिकवणारी, कविता करणारी, स्वतःचं पत्र काढणारी. तिला पुस्तिकेत स्वतंत्र परिच्छेद द्यायचा.

२३ जून

स्थलांतरानंतरचं पहिलं दीड वर्ष. ५ नोव्हेंबर १९०४ ला सान आन्तोनियोहून अंक पुन्हा सुरू. महिनाभरात एक माणूस सुरा घेऊन घरात शिरला. रिकार्दोवर तो धावला तेव्हा धाकट्या भावाने, एन्रिकेने, त्याला ढकलून बाहेर काढलं, आणि पोलिसांनी पकडलं ते एन्रिकेला. सीमेच्या इतक्या जवळ राहण्यात अर्थ नाही म्हणून मंडळी उत्तरेला सेंट लुइसला गेली. फेब्रुवारी १९०५ मध्ये तिथून अंक निघाला.

१२ ऑक्टोबर १९०५ ची धाड नीट समजून घ्यावी लागली, कारण तिची रीत पुढे पुन्हा पुन्हा दिसते. ओआहाकातल्या एका जिल्ह्याचा अधिकारी मानुएल एस्पेरोन इ दे ला फ्लोर याने सेंट लुइसला येऊन बदनामीचा दावा लावला. पत्रातल्या मजकुराने आपली अब्रू गेली, एवढीच तक्रार. त्या जोरावर रिकार्दो, एन्रिके आणि त्यांचा सोबती हुआन साराबिया अटकेत गेले, आणि छपाईयंत्र, मेजं-खुर्च्या सगळं जप्त होऊन विकलं गेलं. दियास सरकारला अमेरिकेत पत्रावर बंदी घालता येत नव्हती. अमेरिकेच्या कायद्यातलं एखादं साधं कलम, त्याला एक तक्रारदार आणि थोडा पैसा एवढ्याने काम भागत होतं.

जामीन जमला तो वाचकांनी पाठवलेल्या पैशांतून.

त्याच काळात टपालखात्याने सवलतीचा दर काढून घेतला. नियतकालिकं वजनाच्या हिशोबाने अगदी स्वस्तात पाठवायची सोय अमेरिकेत होती. ती गेली की प्रत्येक प्रतीला पूर्ण तिकीट. ज्याचे वाचक खाणींत, रेल्वेच्या रुळांवर आणि कापसाच्या शेतांत पसरलेत अशा पत्राला याहून मोठा घाव नाही. मी याला दीड पान दिलंय. ताईंना ते जास्त वाटतं. मला नाही वाटत. सेन्सॉरचा शिक्का मारून बंद केलेली पत्रं आपल्याला आठवतात, पण टपालाच्या दराने गुदमरलेली पत्रं इतिहासात दिसतही नाहीत.

६ जुलै

या आठवड्यात फक्त वाचकांचं प्रकरण. पुस्तिकेचा गाभा हाच व्हावा असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

अंक कोण वाचत होतं? सीमेच्या दोन्ही बाजूंना काम शोधत फिरणारे मेक्सिकन मजूर. ॲरिझोनाच्या तांब्याच्या खाणी, टेक्सासची कापूसवेचणी, रेल्वेच्या गँगा, कॅलिफोर्नियाची शेतं. यांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. एक प्रत किती जणांपर्यंत जायची याचा हिशोब लावणं अवघड आहे, आणि खपाचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे दिलेत. पुस्तिकेत एकही आकडा देणार नाही.

मात्र अंकांतल्या देणग्यांच्या याद्या आकड्यांहून जास्त बोलतात. लॉस एंजेलिसच्या काळातले अंक उघडले की शेवटच्या पानांवर बारीक टंकात नाव, गाव आणि रक्कम. रक्कम सेंटांत. दिवसभर रूळ उचलणाऱ्या माणसाने त्या दिवसाच्या मजुरीतून काढून दिलेले पैसे आहेत हे. या याद्यांतली माणसांची नावं आपण छापायची नाहीत असं आम्ही ठरवलं. गावांची छापायची. गावांच्या नावांवरून मजुरांच्या वाटांचा नकाशा तयार होतो. मित्र तो नकाशा दोन पानांवर काढणार आहे.

दुसरी बाजू भीतीची. वर्गणीदारांची यादी हे पत्राचं सगळ्यांत मौल्यवान धन आणि सगळ्यांत नाजूक जागाही. सेंट लुइसच्या धाडीत याद्या शत्रूच्या हाती गेल्या. त्यानंतर उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा राज्याचा गव्हर्नर आणि नंतर वॉशिंग्टनमधला मेक्सिकोचा राजदूत झालेल्या एन्रिके क्रील याने सेंट लुइसमधल्या थॉमस फर्लाँगच्या गुप्तहेर कंपनीला कामाला लावलं. पत्र चालवणाऱ्या मंडळींचा पत्रव्यवहार हेरला जाऊ लागला : पत्रं वाटेत फोडली जाऊ लागली, नकलून घेतली जाऊ लागली. मंडळी सांकेतिक लिपीत लिहू लागली, टोपणनावं घेऊ लागली, पण लिपी उलगडणारेही होते. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये एल पासोत कागदपत्रं सापडली आणि त्यांच्या आधारे मेक्सिकोत माणसं पकडली गेली. वर्गणी भरणं म्हणजे आपलं नाव आणि पत्ता त्या कागदावर ठेवणं, हे त्या खाणकामगारांना कळत होतं. तरी ते भरत होते.

कानानेआच्या संपाचा भाग इथेच जोडला. १ जून १९०६, सोनोरा राज्यातली अमेरिकन मालकीची तांब्याची खाण. आठ तास काम आणि पाच पेसो मजुरी ही मागणी. त्याच खाणीत अमेरिकन कामगारांना मेक्सिकनांपेक्षा जास्त मजुरी मिळे. संपाच्या पुढाऱ्यांत ‘रेहेनेरासिओन’शी संबंध असलेली माणसं होती. गोळीबार झाला, माणसं मेली. पत्राने संप घडवला असं म्हणणं खोटं ठरेल, आणि पत्राचा संबंध नव्हता असं म्हणणंही. ज्या कामगारांनी तो संप चालवला त्यांच्या खिशात हे पत्र होतं, एवढं मी लिहिलंय.

१४ जुलै

१ जुलै १९०६ चा कार्यक्रम. सेंट लुइसहून मेक्सिकन लिबरल पक्षाच्या, म्हणजे याच मंडळींच्या पक्षाच्या, नावाने जाहीर झालेला, ‘रेहेनेरासिओन’मध्ये छापलेला. आठ तासांचा दिवस, किमान मजुरी, बालमजुरीवर बंदी, पडीक जमिनी कसणाऱ्यांना. यातलं बरंचसं पुढे १९१७ च्या मेक्सिकन राज्यघटनेत दिसतं. हे सगळे सांगतात.

त्याच कार्यक्रमात चिनी माणसांना देशात येण्यास बंदी घालण्याचं कलमही आहे. ते फार कमी जण सांगतात.

आज मंडळाच्या बैठकीत यावर वाद झाला. एकाचं म्हणणं, ६४ पानांत किती घ्यायचं, मूळ मुद्दा झाकोळेल. मी हटून बसले. स्वतः परक्या देशात पोलिसांचा मार खात असलेल्या माणसांनी दुसऱ्या स्थलांतरितांसाठी दार बंद करण्याची मागणी लिहिली. मजुरी पाडली जाते हे कारण त्यांनी दिलं. हेच कारण अमेरिकेतल्या कामगार संघटना मेक्सिकनांविरुद्ध देत होत्या. स्थलांतरितांचं पत्र म्हणून ज्याचा गौरव करायचा त्याच्याबद्दल ही गोष्ट वाचकाला पहिल्यांदा आमच्या पुस्तिकेतून कळावी, दुसऱ्या कोणी टोचून सांगितल्यावर नव्हे. शेवटी एक पूर्ण पान ठरलं. पुढच्या वर्षांत पत्र उघडपणे अराजकवादी झालं, सगळ्या देशांचे कामगार एक ही भूमिका ठाम झाली, तेही त्याच पानावर येईल.

त्याच पानाखाली दुसरी कटू नोंद : १९११ मध्ये फुटून निघालेल्या जुन्या सोबत्यावर, आन्तोनियो विलारेआलवर, रिकार्दोने राजकीय टीका सोडून त्याच्या खासगी आयुष्यावरून चिखलफेक केली. पत्रातच केली. हे वाचताना त्रास झाला.

२८ जुलै

लॉस एंजेलिस, १९१०. हा टप्पा लिहायला हुरूप येतो.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये रिकार्दो, लिब्रादो रिवेरा आणि विलारेआल लॉस एंजेलिसमध्ये पकडले गेले. आरोप तटस्थतेचा कायदा मोडल्याचा, म्हणजे अमेरिकेच्या भूमीवरून मित्रदेशाविरुद्ध सशस्त्र मोहीम उभारल्याचा. ॲरिझोनात शिक्षा. तुरुंगात असताना चिठ्ठ्या बाहेर यायच्या त्या धुवायच्या कपड्यांतून. रिकार्दोची जोडीदार मारिया ब्राउस आणि तिची मुलगी लुसिया कपड्यांची गाठोडी नेत-आणत. ३ ऑगस्ट १९१० ला सुटका झाली आणि ३ सप्टेंबर १९१० ला ‘रेहेनेरासिओन’चा नवा पहिला अंक निघाला. बरोबर एक महिना. यंत्र नाही, पैसा नाही, तीन वर्षं आत काढलेली माणसं, आणि एका महिन्यात साप्ताहिक उभं! बाहेरच्यांनी घडी विस्कटू दिली नव्हती म्हणूनच हे झालं.

कचेरी ईस्ट फोर्थ स्ट्रीटवर, क्रमांक ५१९½. संपादक म्हणून आन्सेल्मो फिगेरोआचं नाव. प्राक्सेदिस गेरेरोही सुरुवातीच्या अंकांत लिहीत होता. जमीनदाराच्या घरातला मुलगा, घर सोडून अमेरिकेत खाणीत मजुरी केलेला. डिसेंबर १९१० च्या अखेरीस चिवावात हानोसच्या लढाईत मारला गेला, वय २८. त्याचा एक छोटा लेख ताईंनी अनुवादासाठी निवडलाय. वाक्यं तोकडी आणि धारदार आहेत, मराठीत चांगली उतरताहेत.

अंकाला इंग्रजी पान होतं. काही काळ एथेल डफी टर्नरने ते सांभाळलं, १९११ पासून विल्यम ओवेन या इंग्रज अराजकवाद्याने. त्याच वर्षी इटालियन पानही सुरू झालं, लुदोविको कामिनिता पाहायचा. लॉस एंजेलिसच्या प्लाझा चौकात संध्याकाळी जमणाऱ्या मजुरांत या तिन्ही भाषा बोलणारे असत, तेच अंकात उतरलं. दुसऱ्याला कळावं म्हणून पत्राने आपल्या आठवड्याच्या चार पानांतलं एक पान सोडावं याला मी मोठी गोष्ट मानते.

बाहा कॅलिफोर्निया या मेक्सिकोच्या सीमाभागात लिबरल पक्षाने केलेल्या उठावाचं प्रकरण आटोपशीर ठेवलं. जानेवारी १९११ मध्ये मेहिकाली घेतलं, मे मध्ये तिहुआना, जूनमध्ये सगळं हातातून गेलं. लढणाऱ्यांत परदेशी बरेच, काही साहसवीर, काही आयडब्ल्यूडब्ल्यू (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या कामगार संघटनेचे निष्ठावान कामगार. अमेरिकेला मुलूख विकायला निघालेले लुटारू असा शिक्का बसला तो मेक्सिकोत पुढे कैक वर्षं पुसला नाही. युरोपातल्या अराजकवाद्यांतही शंका घेणारे निघाले, तेव्हा १९१२ मध्ये रशियन अराजकवादी विचारवंत पीटर क्रोपोत्किनने पॅरिसच्या पत्रातून यांची बाजू घेतली.

२३ सप्टेंबर १९११ चा जाहीरनामा संपूर्ण छापायचा. भांडवल, शासन आणि धर्मसंस्था या तिन्हींशी उघड वैर त्यात मांडलंय. सही करणाऱ्यांत रिकार्दोबरोबर लिब्रादो रिवेरा, फिगेरोआ आणि एन्रिके आहेत. पुढच्याच वर्षी, जून १९१२ मध्ये, या चौघांना पुन्हा तटस्थतेच्या कायद्याखाली २३ महिन्यांची शिक्षा झाली. मॅकनील बेटावरचा तुरुंग. जानेवारी १९१४ मध्ये सुटले. फिगेरोआची तब्येत तुरुंगात खालावली ती सावरली नाही. १९१५ मध्ये गेला.

त्या काळात अंक बाहेरच्यांनी चालवला. यात टेरेसा आर्तेआगा, ब्लास लारा, मारिया ब्राउस, फ्रान्सिस्का मेंदोसा ही नावं येतात. फ्रान्सिस्काने स्वतः लेखही लिहिले. या चार-पाच जणांबद्दल मिळेल तेवढं सगळं घेतेय, एखादी ओळ असली तरी.

११ ऑगस्ट

एडनडेल. १९१५ मध्ये शहरातलं भाडं परवडेना, तेव्हा पत्राच्या मंडळींनी लॉस एंजेलिसच्या कडेला, आज जिथे सिल्व्हर लेकची वस्ती आहे तिथे, थोडी जमीन आणि घरं भाड्याने घेतली. सगळ्यांनी एकत्र राहायचं. भाजी आणि फळझाडं लावली, कोंबड्या पाळल्या, जे पिकेल ते बाजारात विकलं. आणि तिथेच जुनं छापण्याचं यंत्र आणून बसवलं. टंक जुळवणं, छापणं, घड्या घालणं, पत्ते लिहिणं, सगळं घरातलीच माणसं करायची. पैसे उभे करायला रिकार्दोने नाटकं लिहिली, मंडळी ती वस्त्यांतून करायची.

हा भाग तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या लिखाणात तो फार रमणीय झाला होता. खरं तर अंक अनियमित झाले होते, कर्ज होतं, रिकार्दो सतत आजारी होता, घरात भांडणं होती. दोघा भावांची पुढे कायमची फारकत झाली ती याच वर्षांत. पण अराजकवाद म्हणजे रोजच्या जगण्यात काय, असं कोणी विचारलं तर दाखवायला त्यांच्यापाशी ही जागा होती. मालक नाही, पगार नाही, ज्याला जे जमतं ते तो करतो, आणि आठवड्याचं काम पुरं होतं.

१८ फेब्रुवारी १९१६ ला पोलीस आले. एन्रिकेच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता घातला, रक्तबंबाळ अवस्थेत त्याला नेलं. या वेळचा गुन्हा : टपालातून पाठवण्यास अयोग्य मजकूर पाठवणं. मजकूर कोणता, तर मेक्सिकोचा तेव्हाचा सत्ताप्रमुख कारांसा याच्याविरुद्धचा लेख, आणि टेक्सासमध्ये राज्याच्या ‘रेंजर्स’ पोलिसांनी व सशस्त्र गोऱ्यांनी मेक्सिकनांच्या चालवलेल्या हत्यांवरचा लेख. १९१५ मध्ये रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात शेकडो माणसं मारली गेली, हे आता इतिहासकार मान्य करतात. तेव्हा ते छापणं हा गुन्हा होता. जामिनासाठी अमेरिकेतले अराजकवादी एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन यांनी पैसे उभे केले. तेही स्थलांतरित, आणि तिचं पत्रही स्थलांतरितांनीच चालवलेलं.

पुन्हा टपालच. २३ जूनच्या नोंदीतल्या दीड पानाबद्दल ताईंची हरकत आज संपली.

२५ ऑगस्ट

अमेरिकेतल्या हिंदी मंडळींच्या ‘गदर’ या पत्राचं प्रकरण घ्यायचं की नाही हा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत होता. आज सुटला.

‘गदर’ अराजकवादी पत्र नव्हतं. ते देशाच्या स्वातंत्र्यासाठी होतं, हे स्पष्ट लिहायला हवं. पण १ नोव्हेंबर १९१३ ला सान फ्रान्सिस्कोहून त्याचा पहिला उर्दू अंक काढणारे लाला हरदयाळ त्या काळात स्वतःला अराजकवादी म्हणवत होते, आयडब्ल्यूडब्ल्यूच्या सान फ्रान्सिस्को शाखेचे चिटणीस होते, आणि त्यांनी ऑकलंडजवळ रशियन अराजकवादी बाकुनिनच्या नावाने संस्थाही काढली होती. वाचक ओरेगनच्या लाकूडगिरण्यांतले आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांतले पंजाबी मजूर. अंक फुकट, मजुरांच्या वर्गणीतून छापलेला, टपालाने जगभर पाठवलेला. कॅलिफोर्नियाच्या ज्या शेतांत मेक्सिकन मजूर राबत होते त्यांतच हे लोकही राबत होते.

आणि कायदाही एकच. ज्या तटस्थतेच्या कायद्याखाली रिकार्दो आणि त्याचे सोबती दोनदा तुरुंगात गेले, त्याच कायद्याखाली नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ सान फ्रान्सिस्कोत हिंदी-जर्मन कटाचा, म्हणजे जर्मनीच्या मदतीने भारतात उठाव करण्याच्या कटाचा, खटला चालला. शेवटच्या दिवशी गदरचे संपादक रामचंद्र यांना भर न्यायालयात सहआरोपीनेच गोळी घातली. त्याच्या महिनाभर आधी लॉस एंजेलिसमध्ये ‘रेहेनेरासिओन’ संपलं होतं. दोन्ही पत्रांवर एकाच राज्यात, एकाच ऋतूत घाव पडला. आठ पानांचं प्रकरण होईल.

आपल्याकडच्या वाचकासाठी यात दोन माणसं आहेत. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले, गदरच्या कामात पडले, परत आले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला करतारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. आमच्या मंडळातली एक जण शिरूर तालुक्यातलीच. तिने पिंगळ्यांवरचा मजकूर वाचून दिला आणि दोन दुरुस्त्या सुचवल्या.

दुसरे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. ओरेगनमध्ये शेतकी शिकले, मजुरांत राहिले, गदरच्या उभारणीत होते. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय : मेजाभोवती बसलेल्यांना भाकरी वाटणारा माणूस. ते मेक्सिकोत पोचले तेव्हा रिकार्दोला जाऊन दोन वर्षं झाली होती. ‘जमीन आणि मुक्ती’ ही या पत्राची घोषणा मात्र तोवर शेतकरी क्रांतिकारक सापाताच्या चळवळीमुळे घराघरांत गेली होती, आणि त्याच जमीनवाटपातून जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना खानखोजे मका शिकवत होते. खानखोजे आणि ‘रेहेनेरासिओन’ची माणसं भेटली होती का, यावर काही लिहीत नाही. हा दुवा पुरेसा भक्कम आहे.

७ सप्टेंबर

प्रेसवाल्या काकांकडे जाऊन आले. आतला कागद ७० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्टकार्ड, एकरंगी. काकांनी नकाशाची दोन पानं पाहिली आणि म्हणाले, “ही दोन्ही पानं मधल्या फर्म्याच्या पोटात घ्या, म्हणजे रेषा जुळतील. नाहीतर पिन मारताना नकाशा फाटल्यासारखा दिसेल.” त्यासाठी वाचकांचं प्रकरण पुढे सरकवून मध्यावर आणलं. मजकुराच्या दृष्टीनेही ते तिथेच शोभतं.

देणगीच्या याद्यांचं एक स्कॅन मोठं करून छापावं, ही सूचनाही काकांचीच. नावं धूसर करायची.

१५ सप्टेंबर

शेवटचं प्रकरण. १६ मार्च १९१८ चा अंक, क्रमांक २६२. त्यात रिकार्दो आणि लिब्रादोच्या सहीचा जाहीरनामा, जगातल्या अराजकवाद्यांना आणि कामगारांना उद्देशून. जुनी व्यवस्था कोसळायची वेळ आली आहे, लोकांत जा आणि तयारी करा, असा त्याचा आशय. पहिलं महायुद्ध चालू होतं, अमेरिकेत हेरगिरीचा नवा कायदा लागू होता. २१ मार्चला दोघे अटकेत. रिकार्दोला २० वर्षं, लिब्रादोला १५. एका जाहीरनाम्यासाठी.

लेव्हनवर्थ तुरुंगात रिकार्दोची नजर मोतीबिंदूने जात राहिली. २१ नोव्हेंबर १९२२ च्या पहाटे कोठडीत मेला. तुरुंगाने हृदयविकार म्हटलं, सोबत्यांनी खून म्हटलं. पुस्तिकेत दोन्ही लिहिलंय. मेक्सिकोच्या सरकारने अंत्ययात्रेचा खर्च देऊ केला तो सोबत्यांनी नाकारला. रेल्वे कामगारांच्या संघटनांनी शव मेक्सिकोला नेलं, वाटेत स्टेशनांवर माणसं लाल-काळे झेंडे घेऊन उभी होती.

लिब्रादो रिवेरावर मी मुद्दाम जास्त थांबले. सान लुइस पोतोसीतला शाळामास्तर, पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत. १९२३ मध्ये सुटला आणि मेक्सिकोला परत पाठवला गेला. साठीला आलेला माणूस तांपिकोच्या तेलकामगारांत गेला आणि पुन्हा पत्र काढू लागला, पुन्हा तुरुंगात गेला, सुटून पुन्हा पत्र काढलं. १९३२ पर्यंत जगला. त्याच्याबद्दल इतकं कमी लिहिलं गेलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२९ सप्टेंबर

मुखपृष्ठ. मित्राने दोन नमुने आणले. एकावर रिकार्दोचं प्रसिद्ध छायाचित्र, चष्मा आणि दाट मिशा. दुसऱ्यावर १९१० च्या अंकाचा माथा आणि खाली गावांची नावं बारीक टंकात. पहिला विकला जाईल असं दोघांचं मत पडलं, आणि ते खरंही असेल. दुसरा घेतला.

मलपृष्ठावर पत्राच्या बिऱ्हाडांची ओळ : मेक्सिको सिटी, सान आन्तोनियो, सेंट लुइस, लॉस एंजेलिस.

९ ऑक्टोबर

दुसरं प्रूफ आलं. स्पॅनिश नावांचं लेखन सगळीकडे एकसारखं झालंय. जाहीरनाम्यातल्या एका वाक्यावर ताई आणि मी अजून अडलो आहोत, उद्या सकाळी फोनवर मिटवू. चिनी बंदीच्या कलमाचं पान मंडळात सगळ्यांनी वाचलं. बैठकीत हरकत घेणाऱ्यानेच त्यात शेवटचा परिच्छेद घालायला सुचवलं. अमेरिकेचा १८८२ चा चिनी बहिष्काराचा कायदा काय होता ते तीन वाक्यांत. घातला.

१६ ऑक्टोबर

प्लेटा बनल्या. पाचशे प्रती, किंमत ६० रुपये, कामगार वाचनालयांना आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना निम्म्यात. वर्ध्याला आणि तळेगाव ढमढेऱ्याला काही प्रती टपालाने जाणार. गठ्ठ्यांवर पत्ते घालायला शनिवारी मंडळातले सगळे येणार आहेत. काकांना मंगळवारी उरलेली अर्धी रक्कम द्यायची आहे.